ऑटो डार्कनिंग वेल्डिंग हेल्मेट: मामा म्हणतोय डोळे घालवशील, खरं का?

सुमित_कुपवाड
नमस्कार मंडळी. मामाचं कुपवाडला फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट, ग्रिल, पत्र्याची शेड आणि कारखाना चालू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. कॉलेज संपल्यापासून मी पण तिथंच असतो. आमच्याकडं अजून हातातली काच चालते, एका हातात होल्डर एका हातात काच, जॉब धरायला हेल्पर, आणि टॅक (तुकडे जागेवर धरायला मारायचे छोटे टाके) मारताना सगळे मान वळवून डोळे मिटतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी ऑनलाइन एक ऑटो डार्कनिंग हेल्मेट मागवलं, म्हणजे आर्क (वेल्डिंगचा झगझगीत उजेड) पेटला की काच आपोआप काळी होणारं, दोन हजाराच्या आसपासचं. मामानं डोक्यात घातलं, एक रॉड जाळला आणि काढून खुंटीला लावलं. त्याचं म्हणणं, आधी उजेड पडणार मग काच काळी होणार, म्हणजे प्रत्येक टॅकला थोडं थोडं डोळ्यात जाणारच, महिन्याभरात डोळे घालवशील. शिवाय दुकानाबाहेर उन्हात घातलं की आपोआप काळं होतंय, आणि आत ट्रॉलीच्या चासीखाली झोपून काम करताना मध्येच भकभक करायला लागलं, काळं पांढरं काळं पांढरं. पीस खराब आलाय का सेटिंग चुकतंय? बॉक्समधल्या कागदावरची अक्षरं भिंग लावून पण वाचता येईनात.

आयटीआय_मास्तर
सुमित, मामांचा तर्क साध्या काळ्या काचेपुरता बरोबर आहे, पण हे हेल्मेट त्या तर्कावर चालत नाही. साध्या काचेत सगळी किरणं अडवायचं काम ती एकच काच करते, त्यामुळे काच समोर नाही तर काहीच नाही. ऑटोवाल्यात सगळ्यात पुढं एक चकचकीत थर असतो, बाहेरून तिरकं धरून बघ, रंगीत झाक दिसेल. तो यूव्ही (अतिनील) आणि आयआर (अवरक्त) किरणं कायम अडवतो, मग काच काळी असो नसो, सेल संपलेला असो. त्याच्या मागे पोलरायझर आणि लिक्विड क्रिस्टल, आपल्या साध्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेत असतं तेच, आणि काळं-पांढरं होतं ते एवढंच. रात्री डोळ्यांची आग होते ती यूव्हीमुळे, आणि ती आधीच बाहेर अडलेली असते.

राहिला दिसणारा उजेड. काच किती काळी ते तिच्या नंबरावरून कळतं, त्यालाच शेड म्हणतात. काच पांढरी दिसते तेव्हा पण ती ३ किंवा ४ नंबरची असतेच. ४ नंबर म्हणजे शंभरातला जेमतेम पाच भाग उजेड आत. एक नंबर वाढला की उजेड साधारण २.७ पटीने कमी होतो, त्या हिशोबाने ११ नंबरला १९ हजारातला एक भाग राहतो. तुझ्या बॉक्सवर १/२५००० सेकंद असं काहीतरी छापलं असेल, तेवढ्या वेळात ती ४ वरून ११ वर जाते. पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. मान वळवून टॅक मारताना कडेने जेवढं डोळ्यात शिरतं त्याच्यापुढे हे काहीच नाही, हे मामांना सांग. अर्थात हे सगळं खऱ्या, टेस्ट झालेल्या फिल्टरचं बोलतोय.

चिपिंग_हॅमर
मास्तर शेवटचं वाक्य ठळक करा. दोन हजाराच्या हेल्मेटवर १/२५००० छापायला काय जातं.

आयटीआय_मास्तर
छापायला काहीच जात नाही, खरंय. म्हणून हेल्मेट न बघता फिल्टरची कॅसेट बाहेर काढून तिच्यावरचे आकडे बघायचे. ४/९-१३ असं काहीतरी असतं, म्हणजे पांढरी असताना ४, काळी झाली की ९ ते १३. त्याच्या पुढे बनवणाऱ्याचा कोड, मग १/१/१/२ किंवा १/२/१/२ असे चार आकडे आणि ईएन ३७९, म्हणजे अशा फिल्टरचं युरोपियन मानक. ते चार आकडे काचेच्या क्वालिटीचे, दृश्य किती स्वच्छ, धूसरपणा किती, सगळीकडे सारखी काळी होते का आणि तिरकं बघितल्यावर किती फरक पडतो. १ सगळ्यात चांगला, ३ काठावर पास. नवीन मालावर ईएन ३७९ च्या जागी आयएसओ १६३२१ दिसायला लागलंय आणि अमेरिकेच्या मालावर एएनएसआय झेड८७.१ असतं. नुसतं सीई छापलेलं आणि बाकी कोरं असेल तर मी ते पोरांना देणार नाही.

वऱ्हाडी_वेल्डर
काऊन रे भाऊ, चासीखाली झोपून भकभक करते म्हन्तो तर सेन्सर झाकल्या जात असन ना. किती सेन्सर हायेत तुह्या हेल्मेटले? काचेच्या भोवती ते बारके गोल टिकले मोज.

सुमित_कुपवाड
दोन आहेत दादा. काचेच्या वर, एक डावीकडं एक उजवीकडं.

वऱ्हाडी_वेल्डर
मंग झालं. अँगलच्या आड दोनी झाकले गेले का त्याले वाटते आर्क बंद झाला, मंग खोलते, मंग पुन्हा दिसते, मंग बंद. पीस खराब नाही. चार सेन्सरवालं असतं तर एखादा तरी उघडा राह्यला असता. आडचणीत काम जास्त असन तर दोनवालं घेऊ नये.

शिरोली_फाटा
वऱ्हाडीभाऊ बरोबर. आणि भावा, सेन्सिटिव्हिटीचं बटण कुठं ठेवलंयस? बाहेर उन्हात काळं होतंय म्हणजे ते फुल वर हाय. उन्हात काम असलं की कमी कर, १० नंबर रॉड (३.१५ मिमी जाडीचा) असला की आर्क एवढा दणदणीत असतो की कमी सेन्सिटिव्हिटीला पण पकडतो. उलटं टिगवर (टंगस्टनच्या टोकानं गॅसच्या आडोशात करायचं वेल्डिंग) २०-३० अँपिअरला पातळ स्टेनलेस करायलायस तर फुल वर ठेवायचं, नाहीतर काच आर्क ओळखतच नाही. शेजारी दुसरा वेल्डर बसला असला की त्याच्या आर्कवर आपलं काळं होतं, तिथं पण कमी करायचं. आणि डिले म्हणून दुसरं बटण असतंय, आर्क सुटल्यावर किती वेळानं परत उघडायचं त्याचं. टॅकवर टॅक मारायचे असतील तर कमी, जाड रॉडनं जास्त अँपिअरवर असलास तर जास्त, कारण आर्क गेला तरी खड्ड्यातलं लोखंड पांढरं तापलेलं असतंय आणि ते बघत बसायचं नाही. ह्या दोन बटणांना हात न लावता लोकं हेल्मेटला शिव्या देत्यात.

मात्र ह्या दोन्हीपेक्षा घातक म्हणजे ग्राइंड मोड. ग्राइंडर मारताना काच सारखी काळी होऊ नये म्हणून त्यावर टाकायचं, तेवढ्या वेळ ती काळी होणारच नाही. मग पोरगं ग्राइंडर खाली ठेवतंय, होल्डर उचलतंय आणि थेट आर्क मारतंय. आमच्या शेजारच्या शॉपमध्ये हे घडलं, पोराला बराच वेळ समोर काळा ठिपकाच दिसत होता, जिकडं बघंल तिकडं. बरं फिल्टर चांगला होता म्हणून रात्री आग झाली नाही. पण चारच नंबरातून आर्क बघणं म्हणजे खेळ न्हवं.

स्वाती_सातपूर
आमचं सातपूरला शॉप आहे, मिस्टर आणि दीर काम बघतात, मी हिशोब आणि खरेदी. ग्राइंड मोडवर आम्ही सरळ उपाय केला, ग्राइंडिंगला वेगळा पारदर्शक फेसशील्ड, वेल्डिंगच्या हेल्मेटमध्ये ग्राइंड मोड कुणी वापरायचाच नाही. शील्ड दोन-तीनशेत येते. ज्यांना एकच हेल्मेट परवडतं त्यांनी निदान ग्राइंडचं बटण बाहेरच्या बाजूला असलेलं घ्या, आत असलं की कुणी बघत नाही. काही मॉडेलमध्ये ग्राइंडवर असताना छोटा दिवा लुकलुकतो, तो असलेलं उत्तम.

आता माझा कळीचा मुद्दा, कव्हर लेन्स. फिल्टरच्या पुढे आणि मागे पातळ पॉलीकार्बोनेटच्या पारदर्शक पट्ट्या असतात. पुढच्या पट्टीवर ठिणग्या बसून बसून खड्डे पडतात, मग पोरांना नीट दिसत नाही, मग ते शेड कमी करतात, १३ चं ११, ११ चं ९, आणि म्हणतात हेल्मेट जुनं झालं. हेल्मेटला काही झालेलं नसतं, चाळीस-पन्नास रुपयाची पट्टी बदलायची असते. मी पाकीटच मागवून ठेवते. पट्टी नसताना वेल्डिंग करायचंच नाही, ठिणगी थेट फिल्टरच्या काचेवर बसली की गेले पैसे. आणि नवीन पट्टीच्या दोन्ही बाजूंची प्लास्टिकची फिल्म काढायची असते हे सांगावं लागतं हो. आमच्याकडे एकजण फिल्मसकट आठवडाभर वापरत होता आणि धुरकट दिसतंय म्हणून तक्रार.

पुसायला मऊ फडकं, फार तर साबणाच्या पाण्यात पिळून. थिनर अजिबात नाही. रंगकामाचा थिनर हाताशी असतो म्हणून पोरं त्यानेच पुसतात आणि पॉलीकार्बोनेटला बारीक बारीक चिरा पडतात, उजेडाकडे धरलं की लगेच दिसतात. पेट्रोल, अॅसिटोन, तेच. नळाखाली धरून धुवायचं नाही, आत सर्किट आहे. सेन्सरची टिकली आणि सोलारची पट्टी पण पुसत जा, धूर बसून त्यावर राखाडी थर येतो.

बटाटेवडा_६९
डोळ्यात आर्क बसला तर आमच्या गावाकडे बटाट्याचे काप ठेवतात, नाहीतर बाळंतिणीचं दूध डोळ्यात घालतात. सकाळी ठणठणीत. हेल्मेटला कशाला पैसे.

नेत्रवैद्य_सोलापूर
सकाळी ठणठणीत होतं कारण ते तसंही आपोआप बरं होतं, बटाट्यामुळे नाही. बुबुळाच्या पारदर्शक भागाची वरची पेशींची पातळ साल यूव्हीने भाजते. लगेच काही जाणवत नाही, सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसात साल परत येते. तोपर्यंत बंद पापणीवर गार पाण्याची घडी, डोळे ओलसर ठेवणारे साधे ड्रॉप, वेदनेची गोळी, अंधारी खोली, चोळायचं नाही. बटाटा बंद पापणीवर ठेवला तर गार वाटतं तेवढंच, पण डोळ्यात दूध, गुलाबपाणी, मध काहीही घालू नका, साल निघालेल्या डोळ्यात जंतू जायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. मेडिकलमधून बधिर करणारे ड्रॉप आणून घरी घालत बसू नका, वेदना थांबते पण जखम भरत नाही आणि वारंवार घातले तर बुबुळ कायमचं खराब होतं. स्टेरॉइडचे ड्रॉप पण स्वतःच्या मनाने नाही. आणि एकाच डोळ्यात खुपत असेल तर तो बहुधा आर्क नाही, ग्राइंडरचा कण रुतलेला असतो, त्याला डॉक्टरच लागतो. हेल्मेट वर करून स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) ठोकणाऱ्यांच्या डोळ्यांतून मी हे कण काढतो. हेल्मेटखाली साधा सेफ्टी गॉगल असेल तर ही वेळच येत नाही.

मधुरा_ठाणे
डॉक्टर, कॉन्टॅक्ट लेन्स घालून वेल्डिंग बघितलं की लेन्स डोळ्याला चिकटते असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, खरं आहे का? माझा भाऊ डिप्लोमाला आहे, लेन्स घालतो.

नेत्रवैद्य_सोलापूर
नाही, ती जुनी अफवा आहे. आर्कच्या उष्णतेने लेन्स वितळून चिकटत नाही. धुळीच्या जागी लेन्सपेक्षा चष्मा सोयीचा, हा वेगळा मुद्दा. चष्म्यावर हेल्मेट बसतं. चाळिशीवाल्यांना जवळचं दिसत नसेल तर हेल्मेटच्या आत लावायची भिंगाची पट्टी मिळते, एक ते अडीच नंबरपर्यंत, ती लावा. बरेच जुने वेल्डर शेड कमी करून जवळचं बघायचा प्रयत्न करतात, नंबर चष्म्याचा वाढलेला असतो आणि कमी करतात काचेचा.

मस्कत_रिटर्न
चांगला धागा. मी बरीच वर्षं आखातात शटडाउनच्या (प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामावर होतो, तिथं सकाळी फोरमनसमोर प्रत्येकाने हेल्मेट चेक करून दाखवायचं. पद्धत सोपी, हेल्मेट हातात धरून तोंड उन्हाकडे किंवा झगझगीत दिव्याकडे, आतून लांबून बघायचं, काच पटकन आणि सगळीकडे सारखी काळी झाली पाहिजे. एका बाजूला फिकट, मध्ये डाग, कोपऱ्यात चीर, की ते बाजूला. फिल्टरलाच चीर गेली असेल तर यूव्ही अडवण्याची पण खात्री नाही, ते मग फेकायचंच.

बहुतेक हेल्मेटं सेल संपला की पांढरी राहतात, काळी नाही, त्यामुळे ही चाचणी टाळायची नाही. समोर सोलारची पट्टी आहे म्हणून सेल नाही असं समजू नका, आत सेल असतोच. स्वस्तातल्या बऱ्याच जणांत तो आत पॅक केलेला असतो, बदलता येत नाही, संपला की हेल्मेट भंगारात. घेताना सेलचं झाकण बाहेरून उघडतं का ते बघा. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर, पत्र्याच्या शेडवर उन्हात ठेवून चार्ज करत बसू नका, लिक्विड क्रिस्टलला उष्णता सोसत नाही. पिशवीत, काच वर करून.

गॅस कटिंगला हे हेल्मेट घालू नका. गॅसच्या ज्योतीवर बरेच सेन्सर चालूच होत नाहीत, तिथं ५ नंबरचा गॉगल. काही भारी मॉडेलमध्ये ५ ते ८ चा कटिंग मोड असतो, तेवढ्यांचीच गोष्ट वेगळी.

आयटीआय_मास्तर
शेडचं राहिलंच. १२ नंबर रॉड, म्हणजे अडीच मिमी, ७०-८० अँपिअरला १० पुरतो. १० नंबर रॉड, ३.१५ मिमी, १००-१२० ला १० किंवा ११. ८ नंबर रॉडने १६० च्या वर गेलात की १२. मिगला (रिळावरच्या तारेचं वेल्डिंग) १०० च्या वर ११-१२. टिगला कमी अँपिअर असला तरी आर्क स्वच्छ आणि धूर नसतो म्हणून जास्त झगझगतो, ५० च्या खाली १०, वर गेलं की १२ पर्यंत. पद्धत अशी की काळ्याकडून सुरू करायचं, १२-१३ ला रॉड लावायचा, वितळलेलं डबकं दिसत नसेल तर एक एक नंबर खाली यायचं, डबक्याची कड स्पष्ट दिसली की तिथं थांबायचं. फिकटाकडून सुरू केलं की डोळा सवय लावून घेतो आणि मग आपण तिथंच थांबतो.

चिपिंग_हॅमर
आणि हेल्मेट घातलं की आपण सुपरमॅन असं वाटायला लागतं त्याचं काय. गळ्याचा व्ही उघडा ठेवून दिवसभर मिग मारला की रात्री तिथली कातडी सोलून निघते. धूर पण हेल्मेट अडवत नाही. जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला) वेल्ड करून रात्री हुडहुडी भरून ताप येतो तो जस्ताच्या धुराचा, त्याला गूळ खाऊन काही होत नाही, आधी झिंक घासून काढा आणि वाऱ्याच्या बाजूला बसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगची यूव्ही दोन्ही पहिल्या गटात टाकलीत, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात.

सुमित_कुपवाड
सगळ्यांचे आभार, एवढं तर कुठल्या व्हिडिओत पण नव्हतं. काल कॅसेट काढून बघितली, ४/९-१३ आहे, पुढं कोड आहे, १/२/१/२ आणि ईएन ३७९. सेन्सिटिव्हिटी खरंच शेवटाला नेऊन ठेवली होती. कमी केल्यावर उन्हात काळं व्हायचं थांबलं. चासीखाली अजून भकभकतंय, तिथं मामा हातातलीच काच वापरतोय, आणि ट्रॉलीचा जाड बीड (वेल्डची सलग पट्टी) मारायला पण त्याला तीच बरी वाटते म्हणे. टॅकला मात्र हेल्मेट घालतोय, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून. डोळ्याचं अजून मान्य केलेलं नाही.

आता एक अडलंय. जॉब धरणारा हेल्पर पोरगा, त्याचं काय करायचं? त्याला वेल्डिंग येत नाही म्हणून त्याच्यासाठी कोण हेल्मेट घेत नाही.

शिरोली_फाटा
त्यालाच आधी घे. वेल्डरचे डोळे काचेमागं असतात, हेल्पर उघड्यावर एक-दीड फुटावर. रात्री डोळे सुजवून बसणारा बहुतेक हेल्परच असतोय. ऑटोच पाहिजे असं काय नाही, डोक्यात घालायची साधी ११ नंबर काच दिली तरी चालती, त्याला कुठं डबकं बघायचंय. नुसता काळा गॉगल देऊ नको, कडेनं उजेड शिरतोय.

मस्कत_रिटर्न
आणि शक्य असेल तिथं जॉब धरायला पोरगं उभं करण्यापेक्षा मॅग्नेट किंवा सी क्लॅम्प. रस्त्याच्या बाजूला पडदा पण लावा, दुकानासमोरून शाळेची पोरं आर्क बघत उभी राहतात. आणि मागे पांढरी भिंत किंवा नवा पत्रा असेल तर आर्कचा उजेड परतून हेल्मेटच्या आत मागच्या बाजूने शिरतो, आतल्या काचेवर स्वतःचं नाक दिसायला लागलं की समजायचं. मागे चामड्याचा नाहीतर जाड कापडाचा पडदा लटकवता येतो.

सुमित_कुपवाड
क्लॅम्प आहेत, गंजून पडलेत, काढतो. पोराला साधी काच आजच बघतो. शेवटचा प्रश्न, सेलचं झाकण बाहेरून उघडतंय, आत दोन चपटे सेल आहेत, त्यावर सीआर २४५० लिहिलंय. घड्याळवाल्याकडं सीआर २०३२ मिळतोय, तो चालेल का?

वऱ्हाडी_वेल्डर
नाही चालत भाऊ. व्होल्टेज तेवढंच हाय, तीन, पन २०३२ हा २० मिमीचा अन् २४५० हा २४ मिमीचा, जाडीतही फरक. खाच्यात ढिला बसन, हेल्मेट हाललं का काँट्याक्ट सुटन अन् काच ऐन आर्कवर पांढरी. २४५० च आन, दोनी एकदमच बदल, अन् बसवल्यावर उन्हाकडं धरून चेक करजो.

स्वाती_सातपूर
आणि सेलवर तारीख मार्करने लिहून ठेव, कधी बदलला ते कुणालाच आठवत नाही.